वेताळ टेकडी : पायाखालचे थर

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने निघालं की सव्वादोनशे-अडीचशे मीटरचा चढ. सिंहगड करणारी मंडळी या आकड्याला हसतात, कारण त्यांचा चढ याच्या दुपटीहून जास्त. पण टेकडीवर पहिल्यांदा आलेला माणूस हमखास एक तक्रार करतो : दहा मिनिटं सरळ छातीवर येणारा चढ, मग एकदम सपाट, मग पुन्हा छातीवर. दमाचं गणितच बसत नाही. तब्येतीला दोष देऊ नये. दोष लाव्हाचा आहे.

आपल्या दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले. प्रत्येक लोंढ्याचं पोट सावकाश निवलं, म्हणून तिथला दगड घट्ट, काळा, कठीण. अंगावरचा भाग लवकर थिजला आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो छिद्राछिद्रांचा आणि लवकर झिजणारा. पुढे ऊन, पाऊस आणि ओढ्यांनी डोंगर कापले तेव्हा कठीण भाग कडा धरून उभा राहिला आणि मऊ भाग झिजून उतार नाहीतर सपाटी झाला. कडा, माची, वर बालेकिल्ला हे किल्ल्यांचं रूप याच हिशोबातून आलेलं आहे. वेताळ टेकडीवर तोच हिशोब लहान मापात मांडलाय, इतकंच. कुठे दम लागेल, कुठे पाय घसरेल, कुठे पाणी झिरपेल, कुठे कोणतं झाड टिकेल, सगळं त्या थरांवर ठरतं. टेकडीवर वर्षानुवर्षं चालणारी माणसंही घड्याळाकडे आणि पावलांच्या आकड्याकडेच जास्त बघतात. थर बघायला लागलं की तीच वाट वेगळी कळते.

थर बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे वरची खाण. बांधकामाच्या दगडासाठी कधीकाळी फोडलेली. आता तिच्यात पाणी साठतं. खाणीची भिंत म्हणजे टेकडीचा उभा छेद. तिच्यासमोर उभं राहून आधी आडव्या रेषा शोधाव्यात. रेषेच्या खालचा दगड गुळगुळीत, उभ्या भेगांनी मोठमोठ्या ठोकळ्यांत तुटलेला दिसला तर ते लोंढ्याचं पोट. भेगा या निवताना दगड आकसला त्याच्या. छिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड दिसला तर तो लोंढ्याचा वरचा भाग. ते ठिपके म्हणजे बहुतेक झिओलाइट गटातली खनिजं. रिकाम्या बुडबुड्यांत पुढे पाण्याबरोबर येऊन भरलेली. पुणे परिसरातली ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, आणि आपण ती बुटाने उडवत चालतो. काही ठिकाणी दोन लोंढ्यांच्या मधोमध विटकरी रंगाचा पट्टाही सापडतो. एक लोंढा निवून त्यावर माती धरली, मग पुढचा लोंढा त्या मातीवरून गेला आणि ती भाजली. हा पट्टा हातभर जाडीचाही असू शकतो आणि बोटभरही.

पावसाळा सरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, खाणीच्या भिंतीकडे मुद्दाम बघावं. पाणी सगळ्या भिंतीवरून गळत नाही, ठराविक पातळीवरच ओल दिसते. वरच्या भेगांतून उतरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर येऊन अडतं आणि आडवं सरकत बाहेर येतं. उतारावरचे झरेही याच पातळीला फुटतात. बाहेर न येता खाली उतरत राहिलेलं पाणी कोथरूड, एरंडवणे, पाषाणच्या सोसायट्यांच्या बोअरना पुरतं. माथ्यावर काँक्रीट ओतायचा प्रत्येक प्रस्ताव म्हणूनच फक्त झाडांपुरता नसतो. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे यांवर पुण्यात इतकी वर्षं वाद चाललाय, २०२३च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर त्यासाठी रस्त्यावर उतरले, तरी भेगांमधल्या पाण्याचा मुद्दा झाडांच्या संख्येमागे दडून जातो. झाडं मोजता येतात, भेगा मोजता येत नाहीत. म्हणून असेल.

खाणीच्या पाण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. त्यात उतरू नये, पोहू नये. काठ सरळ तुटलेला आहे, तळाला गाळ आहे आणि खोली वरून कळत नाही. पाय घसरला तर धरायला दगडाची कडही मिळत नाही, कारण सुरुंगाने फोडलेली भिंत खालीही उभीच असते.

चढायच्या वाटा बऱ्याच आहेत. सेनापती बापट रस्त्यावरून वेताळबाबा चौकाच्या बाजूने, चतुःशृंगीच्या मागून, गोखलेनगर-जनवाडीतून, पाषाणच्या पंचवटीतून, कोथरूडच्या केळेवाडी-सुतारदऱ्यातून. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता आहेच; तो सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत निरस. गुडघेदुखीवाल्यांनी मात्र खुशाल तोच धरावा, विशेषतः उतरताना. पंचवटीकडून चढ जरा सावकाश अंगावर येतो. लॉ कॉलेजच्या बाजूचा उतार जास्त उभा आणि झाडांच्या दृष्टीने जास्त श्रीमंत, पण ती जमीन लॉ कॉलेजच्या संस्थेच्या मालकीची आहे, तिथे त्यांच्या वेळा आणि त्यांचे नियम पाळावे लागतात. वनखात्याच्या फाटकांवरही वेळांची पाटी असते, ती वाचावी. कुठूनही चढलं तरी सवयीच्या माणसाला वेताळाच्या देवळापर्यंत पाऊण तास ते तासभर पुरतो. थंडीत माणशी अर्धा लिटर पाणी पुरे. एप्रिल-मे महिन्यात लिटरभर लागतं आणि नऊच्या आत खाली यावं लागतं, कारण दगड तापला की झळ खालूनही लागते.

फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी ही वेगळी. दोन्हींच्या मधून सेनापती बापट रस्ता जातो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना १२ जून १९०५ रोजी तिथे केली. ज्याला अर्ध्या तासातच परत यायचंय, त्याच्यासाठी ती बरी.

आता पायांकडे. टेकडीवर लोक पडतात ते चढताना नाही, उतरताना, आणि कड्यावर नाही, तर अगदी साध्या दिसणाऱ्या मुरमाच्या उतारावर. काळा दगड कुजत जातो तेव्हा त्याचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी वाटाण्याएवढे गोल खडे उरतात. फेब्रुवारीनंतर त्यातली ओल जाते, खडे सुटे होतात, आणि खालच्या घट्ट थरावर त्यांची पखरण होते. त्यावर पाय ठेवणं म्हणजे फरशीवर सांडलेल्या हरभऱ्यांवरून चालणं. अशा वेळी माणूस घाबरून मागे रेलतो, सगळा भार टाचेवर येतो, टाच खड्यांवरून पुढे सटकते आणि माणूस बसतो तो थेट माकडहाडावर. उपाय त्याच्या उलट आहे. गुडघे किंचित वाकवावेत, पाऊल छोटं टाकावं, तळवा पूर्ण टेकवावा आणि भार पुढच्या पायावर ठेवावा. उतार फार असेल तर आडवं होऊन, एका बाजूने, तिरक्या पावलांनी उतरावं. हातात काठी असेल तर ती खालच्या बाजूला टेकवावी. वरच्या बाजूला टेकवलेल्या काठीचा आधार नसतो, भासच असतो. आणि गवताची मूठ धरून तोल सावरू नये. कोरडं गवत मुळासकट हातात येतं.

पावसाळ्यात हे चित्र पालटतं. ओला मुरूम दबून बसतो, त्यावर पाय चांगला ठरतो. धोका उघड्या काळ्या खडकाकडे जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यांत खडक नुसता ओला असतो, तोवर ठीक. जुलैच्या मध्यापर्यंत त्यावर शेवाळ धरतं, आणि ते हिरवं नसतं, काळपट असतं, म्हणून दिसत नाही. जिथे खडक उन्हात मंद चकाकतो तिथे पाय टाकायचा नाही. छिद्रांचा, खडबडीत दगड दिसला तर त्यावर टाकायचा. त्यावर सोल धरतो. म्हणजे पुन्हा थरच बघायचे. बूट महागच हवेत असं काही नाही, पण सोलला खाचा हव्यात. रस्त्यावर धावून गुळगुळीत झालेले बूट टेकडीसाठी वापरायची पुण्यात फार सवय आहे. जिमला चालणारा सोल इथे चालत नाही.

वाटांबद्दल सांगताना मात्र थोडं रागावल्याशिवाय राहवत नाही. टेकडीची जुनी वाट उताराला तिरकी जाते, वळणं घेते. वळण टाळून सरळ खाली उतरणारी चोरवाट कुणीतरी पाडतं. वाचतात जेमतेम दोन मिनिटं. पहिल्या पावसाळ्यात पाण्याला ती सापडते. पाण्यालाही सरळच जायचं असतं. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अशा एका चोरवाटेपाशी वाकून बघावं : वर बोटभर खोल घळ, पाच-सात पावलं खाली वीतभर, आणि तळाशी मुरमाचा पंखा पसरलेला, त्यात गवताची मुळं उघडी पडलेली. पुढच्या वर्षी घळीतून चालता येत नाही म्हणून लोक तिच्या कडेने चालतात. तिसऱ्या वर्षी ती कडही जाते. काही वर्षांत जिथे एक पाऊलवाट होती तिथे चार हात रुंदीचा उघडा पट्टा होतो आणि त्यावर पुन्हा गवत येत नाही, कारण माती उरलेलीच नसते. या टेकडीवर माती मुळात वीत-दीड वीतच आहे. ती गेली की खाली दगड.

हे थांबवता येतं, आणि त्यासाठी सिमेंट लागत नाही. वाटेला तिरकी, साधारण ४५ अंशांत, दगडांची एक ओळ गाडायची. दगड जमिनीवर नुसते ठेवायचे नाहीत; दोनतृतीयांश आत, एकतृतीयांश वर. ओळीचं खालचं टोक वाटेच्या बाहेर, गवतात निघालं पाहिजे म्हणजे पाणी तिथे वळून पसरेल. काटकोनात लावलेली ओळ निरुपयोगी असते. तिच्यामागे गाळ साठतो आणि पुढच्या सरीला पाणी वरून उडी मारतं. चोरवाटेचं तोंड काटेरी फांद्या टाकून बुजवायचं, दगड रचून नाही, कारण दगड लोक पायरी म्हणून वापरतात. आणि हे काम वनखात्याला विचारूनच करायचं. उत्साही मंडळी रविवारी फावडी घेऊन येतात आणि वाटेला पायऱ्या खोदतात. पायऱ्या म्हणजे पाण्याला आयते धबधबे.

उतारावर जागोजाग समान उंचीवरून गेलेले लांब चर दिसतात, खालच्या बाजूला मातीचा बांध असलेले. हे सलग समतल चर. पावसाचं पाणी धावण्याआधी अडवायचं आणि मुरवायचं, हा हेतू. चर अगदी समपातळीत असेल तरच तो काम करतो. एका ठिकाणी बांध पायाखाली दबून चार बोटं खाली गेला की सगळ्या चराचं पाणी त्याच खिंडीतून बाहेर पडतं, आणि शंभर पावलांत साठलेलं पाणी एका जागी उतारावर सुटलं तर चर नसता तर झालं असतं त्याहून नुकसान जास्त. म्हणून बांधावरून उड्या मारत उतरू नये; ओलांडायचाच तर जिथे दगड बसवलेत तिथूनच ओलांडावा.

झाडांकडे येऊ. दुरून टेकडी हिरवी दिसते आणि पुणेकर खूश होतो. त्या हिरव्यात मोठा वाटा गिरिपुष्पाचा आहे, म्हणजे ग्लिरिसिडियाचा. हे मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी खोवली तरी लागतं, भराभर वाढतं, गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. उजाड टेकड्या लवकर हिरव्या करायच्या होत्या तेव्हा वनखात्याने ते भरपूर लावलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला फिकट गुलाबी फुलांचे घोस येतात आणि लोक फोटो काढतात. सुंदर दिसतं, यात वाद नाही. पण त्याच्या दाट रानात शिरून जमीन बघावी : पाचोळा आणि पुन्हा गिरिपुष्पाचीच रोपं. आता ते सगळं तोडून टाका असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. त्याची मुळं माती धरून आहेत. एकदम तोडलं तर पहिल्या पावसाळ्यात ती माती खाली जाईल. सावकाश, पट्ट्यापट्ट्याने विरळ करत मधे देशी झाडांना जागा द्यायची, हे कंटाळवाणं पण खरं काम.

या मातीतली जुनी झाडं बघायची तर सपाटी सोडून कड्यांच्या आणि मोठ्या दगडांच्या फटींकडे जायचं. तिथे कुऱ्हाड आणि शेळी दोन्ही सहज पोचत नाहीत. सालईच्या खोडावरचे कागदासारखे पापुद्रे हाताने जाणवतात, पान चुरगळलं की उग्र वास येतो. धूपाच्या जातीचंच झाड हे. कांडोळाचं खोड पांढरंशुभ्र, पानगळीत उठून दिसतं. म्हणूनच त्याला भुत्या म्हणतात. त्याच्या लालसर फळांवर खाजरी लव असते, हात लावू नये. मोई, धावडा, मेढशिंगी, वारस हीसुद्धा याच उतारांवरची. वारस होळीच्या सुमाराला पांढऱ्या फुलांनी भरतो आणि ती फुलं वाटेवर पडलेली असतात म्हणून झाड नजरेत येतं. गणेराला त्याच दिवसांत, एकही पान नसताना, मोठी पिवळीधमक फुलं येतात. मेढशिंगीच्या शेंगा शिंगासारख्या वळलेल्या. एकदा पाहिल्या की ते झाड पुन्हा चुकत नाही.

या झाडांत एक साम्य आहे. जवळजवळ सगळी उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. मार्च-एप्रिलमध्ये टेकडी राखाडी दिसते ती मेलेली नसते, पाणी वाचवत असते. नेमक्या याच काळात हळहळणारी माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन झाडांच्या बुंध्याशी ओततात. चार-पाच वर्षांच्या सालईला त्या पाण्याची गरज नाही. रोपाला असेल, पण मग ते नियमित हवं. आठवड्यातून एकदा दिलेलं लिटरभर पाणी वरच्या दोन बोटं मातीत राहतं, मुळं त्या पाण्यासाठी वर येतात आणि मे महिन्यात भाजून निघतात. रोप जगवायचंच असेल तर बुंध्याभोवती दगड आणि पाचोळा रचावा. तो पाण्यापेक्षा जास्त कामाला येतो.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांबद्दल बोललं की मित्र दुरावतात, तरी बोलतो. माथ्यावरचं माळरान म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा म्हणजे झाड लावायची जागा, असा समज घट्ट बसलाय. माळरानाला झाडांची गरज नाही. तिथली माती इतकी उथळ आहे की मोठ्या झाडाचं मूळ धरणार नाही. तिथे गवतच यायचं आणि गवतावर जगणारे तित्तिर, चंडोल, फुलपाखरं आणि पावसाळी फुलं यायची. जूनच्या पहिल्या पावसापाठोपाठ पांढरी मुसळी जमिनीतून वर येते, मग दीपकाडी, पुढे केना, आभाळी, तेरडा, कवला. यातली बरीच झाडं वर्षातले आठ-नऊ महिने कंद किंवा बी म्हणून जमिनीत असतात. जुलैमध्ये तिथे दीड फुटाचा खड्डा खणून आंब्याचं रोप लावलं की कंद वर फेकले जातात आणि आंबा पुढच्या एप्रिलमध्ये मरतो. दोन्ही गेलं. खड्डा मात्र राहतो.

टेकडीवरून दरी बघायची तर दक्षिणेच्या कडेला यावं. दक्षिणेकडे तोंड केलं की डाव्या हाताला पर्वती, उजव्या हाताला लांब सिंहगड, त्याच्यावरच्या मनोऱ्यांमुळे ओळखायला सोपा. या दोहोंच्या मधून मुठा उजवीकडून डावीकडे येते. नदी दिसेल अशी अपेक्षा ठेवून गेलेला माणूस निराश होतो, कारण इमारतींच्या गर्दीत पाणी जवळपास दिसतच नाही. नदी तिच्या दरीवरून ओळखायची. दोन्हीकडच्या टेकड्यांचे उतार लांबवून मनात एकमेकांना जोडले की सर्वांत खालची रेघ जिथे येते तिथे ती आहे. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला हे जास्त सोपं होतं; थंड हवा उतारांवरून दरीत उतरते आणि धुकं नि धूर त्या रेघेवर साठून राहतात. त्या साठलेल्या करड्या थरात आपण रोज श्वास घेतो, हेही वरूनच कळतं.

मुठेचं पाणी किती आहे ते मात्र टेकडीवरच्या पावसावरून ओळखू नये. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर टेमघर, वरसगाव, पानशेतच्या बाजूला तो कितीतरी पट. इथे कोरडं ऊन पडलेलं असताना खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असतं आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली असतो, असं दर पावसाळ्यात घडतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्या पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली एक गोखलेनगर, या टेकडीच्या पायथ्याशी. आज टेकडीवर सकाळी चालणाऱ्यांत त्या घरांतल्या पुढच्या पिढ्या आहेत.

वेताळाच्या देवळाच्या बाजूने उत्तरेकडे वळलं तर पाषाण तलाव आणि विद्यापीठाची झाडी दिसते. तिकडचा उतार रामनदीचा. रामनदी मुळेला मिळते, दक्षिणेचे ओढे मुठेला. माथ्यावर दोन पावलांच्या अंतरात पडलेले थेंब दोन नद्यांत जातात आणि संगम पुलाशी पुन्हा भेटतात. नकाशा न बघता पाणलोट समजून घ्यायला पुण्यात याहून बरी जागा मला माहीत नाही.

धोके थोडक्यात. जानेवारीपासून गवत वाळतं आणि वणवे लागतात. बहुतेक माणसाच्या हातून, विडी-सिगारेटमुळे नाहीतर मुद्दाम. आग चढाच्या दिशेने झपाट्याने धावते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधीही थांबू नये. आडवं होऊन बाजूला निघावं, आणि जमलं तर आधीच जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात जावं. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१, वनखात्याचा १९२६. आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, ड्रोन, दगड काही नको. माश्या उठल्या तर डोकं-चेहरा कपड्याने झाकून पळत सुटावं, हात हलवत उभं राहू नये. घोणस गवतात, फुरसं दगडाखाली. दगड उगीच उलटवू नये, बसण्याआधी बघावं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही न करता, पाय न हलवता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात. अंधार पडायच्या आत उतरावं, एकट्याने आडवाटेला जाऊ नये. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रोज संध्याकाळी कुणीतरी मोबाइलच्या उजेडात मुरमावरून घसरत असतं.

कुत्र्यांना बिस्किटं आणि मोरांना गहू टाकणाऱ्यांशी भांडण करायची माझी तयारी आहे. मोर, तित्तिर जमिनीवर अंडी घालतात, तीही पावसाळ्यात. बिस्किटांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळीला पोटभर मिळालं तरी पाठलागाची हौस जात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी नवरंग येतो, झाडीत जमिनीवर पाचोळा उलटत किडे शोधतो. त्याला बघायचं असेल तर दाट झाडीच्या कडेला, ओढ्याजवळ, सकाळी लवकर, गप्प उभं राहावं. दोन सुरांची शीळ आधी ऐकू येते. त्या वेळी पंचवीस पावलांवर कुणी स्पीकरवर गाणी लावून चालत असेल, तर काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गुडघाभर गवतातून आलं की मोजे कुसळांनी भरतात. एक कुसळ काढून नीट बघावं. टोकाला अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब, पिळदार शेपूट. शेपटीवर थेंबभर पाणी टाकलं तर ती पीळ सोडत फिरते. वाळली की पुन्हा पिळते. याच फिरण्याने ते बी पाऊस-उन्हाच्या खेळात स्वतःला मातीत घुसवून घेतं, आणि मोज्यातही. केस मागे वळलेले असल्यामुळे शेपूट धरून मागे ओढलं की शेपूट तुटून हातात येते आणि बी आत राहतं. मोजा उलटा करावा, टोक जिथून आत डोकावतंय तिथे चिमटीत धरावं आणि आतल्या बाजूने, टोकाच्या दिशेने पुढे ओढून काढावं. टाचेच्या शिवणीतली शेवटी तपासावीत, तिथली हमखास राहतात. जाड लोकरी मोज्यांपेक्षा गुळगुळीत नायलॉनचे बरे, आणि त्याहून बरं म्हणजे पाऊलवाट न सोडणं.